सुगीतील विळ्याची जखम : घरचा उपचार व वणाची काळजी

भात, ज्वारी, सोयाबीन यांच्या काढणीचे दिवस जवळ आले की घरोघर विळ्या-कोयत्यांना धार लावण्याचे काम सुरू होते. डाव्या हाताने धाटांची मूठ धरावयाची आणि उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढावयाचा, अशी कापणीची रीत आहे. त्यामुळे विळा घसरला तर तो बहुधा डाव्या हाताच्या अंगठ्याजवळील बोटावर किंवा करंगळीवर येतो. ऊसतोडीत कोयत्याचा घाव पायाच्या नडगीवर अथवा डाव्या हाताच्या पंजावर बसतो. घरातील विळी, गोठ्यातील कडबा कापण्याचे यंत्र, कुंपणाची काटेरी तार यांचीही त्यात भर पडते. अशा लहान जखमेकडे शेतकरी कुटुंबात सहसा कोणी लक्ष देत नाही. चिंधी गुंडाळून माणूस पुन्हा पातीला लागतो.

जखम लहान असली तरी तिच्याकडे पहिल्या अर्ध्या तासात कसे पाहिले जाते, यावर पुढील अनेक गोष्टी अवलंबून असतात. बोटाच्या पेरावर जाड, ओढलेला वण राहिला तर मूठ पुरी वळत नाही आणि विळा, खुरपे वा दुधाची कास धरताना ती उणीव जन्मभर जाणवते. मुलीच्या गालावर किंवा कपाळावर राहिलेल्या वणाचा त्रास निराळा. आणि शेणामातीत झालेल्या जखमेतून धनुर्वात झाला तर प्रश्न वणाचा राहतच नाही, तो जिवाचा होतो. म्हणून या विषयाची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्याला पीकसंरक्षणाच्या माहितीइतकीच असली पाहिजे.

घरी उपचार कोणत्या जखमेवर करावा

प्रथम हे ठरवावे की जखम घरी बरी करण्याजोगी आहे की नाही. जखमेच्या कडा आपोआप एकमेकींना लागून बसतात, खोली फार नाही, दाबून धरल्यावर रक्त थांबते, बोट पूर्ण वाकते व सरळ होते आणि जखमेच्या पुढील भागात स्पर्श नीट कळतो, अशी जखम घरी सांभाळता येते.

याउलट जखमेचे तोंड उघडे राहून आत पिवळसर चरबी किंवा पांढरी दोरीसारखी कंडरा दिसत असेल, पंधरा मिनिटे सलग दाबूनही रक्त वाहत असेल, रक्त उसळ्या मारीत येत असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर क्षणभरही घरगुती उपायांत घालवू नये. चेहऱ्यावरील उघडी जखम, सांध्यावरील जखम, जनावराच्या किंवा माणसाच्या दाताने झालेली जखम, तसेच आत काच, लोखंड वा बाभळीचा काटा मोडून राहिलेली जखम या सर्व डॉक्टरांनीच पाहाव्यात. बोट वाकत नाही याचा अर्थ आतील कंडरा तुटली असण्याचा संभव असतो. ती वेळेवर जोडली तर हात पुन्हा कामाचा होतो. वरची कातडी भरून आली म्हणून समाधान मानले तर बोट कायमचे निकामी राहते. विळ्याच्या जखमेत ही चूक वारंवार होते, कारण धारेची जखम वरून अरुंद व स्वच्छ दिसते.

टाके घालावयाचे असतील तर पहिल्या सहा ते आठ तासांत रुग्ण पोहोचविणे चांगले. दुपारी लागले आणि संध्याकाळी कापणी संपवून दवाखान्यात गेले, यात बराच काळ हातचा जातो. रक्तस्राव मोठा असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पहिला अर्धा तास

रक्त पाहून माणूस गडबडतो आणि जो तो आपापला उपाय सांगू लागतो. अशा वेळी एकाने पुढाकार घेऊन जखमी माणसास सावलीत बसवावे. जखम हाताला असेल तर बोटातील अंगठी, मनगटातील बांगडी वा कडे लगेच काढून ठेवावे. तासाभरात सूज आली म्हणजे अंगठी काढता येत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो.

त्यानंतर धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने घट्ट दाबावी आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. हा दाब दहा ते पंधरा मिनिटे सलग असावा. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलण्याची सवय फार वाईट. नुकतीच धरू लागलेली रक्ताची गुठळी त्यामुळे निघून येते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरी घडी ठेवावी. बोट मुळाशी सुतळीने आवळून बांधण्याची रीत काही भागांत आहे. साध्या जखमेत तिची गरज नसते आणि ती सुतळी सोडण्याचे विसरल्यास बोटच गमावण्याची पाळी येते.

रक्त थांबल्यावर जखम धुवावयाची. सर्व उपचारांत मोलाचा भाग कोणता असे विचारले तर तो हाच होय. त्यासाठी महागडे औषध लागत नाही. पिण्याजोगे स्वच्छ पाणी भरपूर लागते. उपचार करणाऱ्याने आपले हात साबणाने धुवावेत. नंतर नळाच्या धारेखाली किंवा तांब्याने उंचावरून धार धरून जखम पाच ते दहा मिनिटे धुवावी. धारेच्या जोराने माती, तुसाचे कण, शेणाचा अंश निघून जातो. भांड्यात हात बुडवून ठेवल्याने तो जात नाही, उलट घाण पाण्यात सारी जखम भिजते. जखमेच्या सभोवारची कातडी साबणाने धुवावी, परंतु साबण जखमेत फार जाऊ देऊ नये. चिकटून राहिलेला कण उकळलेल्या चिमट्याने अलगद काढावा. माती आतच राहिली आणि कातडी वरून सांधली गेली, तर जखम पिकण्याचा धोका असतोच, शिवाय त्या कणांचा निळसर-काळा डाग गोंदल्यासारखा कायम राहतो.

विहिरीचे वा कालव्याचे गढूळ पाणी या कामी वापरू नये. तेच पाणी वापरणे भाग असेल तर गाळून, खळखळ उकळून, निववून घ्यावे. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यातून शेतावर पाणी नेण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. असे पाणी पिण्यास जितके घातक, तितकेच जखमेवर ओतण्यासही घातक होय.

हळद, राख, चुना आणि इतर उपाय

जखम झाली की मुठभर हळद दाबावयाची, ही आपल्याकडील सर्वांत रूढ रीत. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण केवळ ‘हळद लावू नका’ असे सांगितल्याने कोणी ऐकत नाही आणि ऐकू नये हेही साहजिक आहे. हळदीत जंतुरोधक व दाह कमी करणारे घटक आहेत हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याबद्दल एक पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या विजयाचा दाखला देऊन ‘हळद हे जखमेचे सिद्ध औषध आहे’ असे अनेकदा सांगितले जाते. परंतु वाद होता तो हा उपयोग नवा आहे की जुना, एवढ्यापुरता. तो जुना आहे हे ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले गेले. बाजारातील हळदपूड उघड्या जखमेत भरणे सुरक्षित आहे, असा निवाडा कोणी दिलेला नाही.

अडचण हळदीच्या गुणांत नसून पुडीत आहे. ती जमिनीतून निघते, उकडून अंगणात वाळते, गिरणीत दळली जाते आणि स्वयंपाकघरातील डब्यात अनेक हातांनी हाताळली जाते. ती निर्जंतुक नसते. रंग उठावदार करण्यासाठी हळदीत शिशाच्या संयुगाची भेसळ होत असल्याचेही आढळले आहे. शिवाय पूड रक्तात मिसळून जे घट्ट ढेकूळ बनते त्याखाली जखम किती खोल आहे हे दिसत नाही आणि दवाखान्यात ते खरवडून काढावे लागते. ज्या हळदीला भाव मिळावा म्हणून शेतकरी वर्षभर राबतो, तिचा मान दुधात वा भाजीत घालून राखावा, जखमेत भरून नव्हे.

हळदीचे एवढे झाले. चुलीतील राख, चुना, तंबाखू, मशेरी, कोळ्याचे जाळे, रॉकेल, जाळलेला कापूस व शेण यांच्याविषयी इतका विचार करण्याचेही कारण नाही. यांपैकी काही पदार्थ कातडी भाजतात, काही जंतू आत नेतात. शेण तर धनुर्वाताच्या जंतूंचे माहेरघरच समजावे. बांधावरील दगडी पाला किंवा एकदांडी चोळून रस पिळण्याची रीत शेतमजुरांत फार आहे. या वनस्पतीचा अभ्यास झालेला आहे, पण न धुतलेल्या पाल्याबरोबर बांधावरची मातीही जखमेत जाते हे विसरू नये. मधाचा उपयोग काही दवाखान्यांत होतो खरा, परंतु तो मध खास शुद्धीकरण केलेला असतो; पोळ्यातून काढलेला मध त्याच्या जागी चालत नाही.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा दाट आयोडीनचे द्रावण जखमेत ओतले की चुरचुर होते आणि औषध लागू पडले असे वाटते. ती चुरचुर जंतूंची नसून आपल्या जिवंत पेशींची असते. नव्या कातडीच्या पेशी अशा द्रावणांनी दगावतात आणि जखम भरण्यास उशीर होतो. दुकानातून आणलेल्या खाज-गजकर्णाच्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असते, तेही जखमेस मारक आहे.

कातडी कशी सांधते

वण का राहतो हे समजले तर पुढील काळजीचे कारण लक्षात येते. कातडीचे मुख्य दोन थर. वरचा थर पातळ असून तो सतत नवा होत असतो. केवळ तोच खरचटला असेल तर काही दिवसांत मागमूस उरत नाही. खालचा थर जाड, चिवट तंतूंचा विणलेला असतो. विळा त्या थरापर्यंत गेला की वण राहणारच. तो मुळीच राहू नये, असे करणारे औषध नाही. जे हाती आहे ते एवढेच, की वण बारीक, मऊ, सपाट आणि आसपासच्या रंगाशी मिळता राहावा.

जखम झाल्यावर पहिले चार-पाच दिवस ती किंचित लाल, गरम व सुजलेली असते. शरीर आतील मळ काढीत असते. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांपर्यंत नवे तंतू घाईघाईने टाकले जातात. फाटलेले गोणपाट घाईने शिवावे तसे हे काम ओबडधोबड असते. पुढे कित्येक महिने, काही वेळा वर्षाहूनही अधिक काळ, हे तंतू उसवून पुन्हा नीट विणले जातात. तीन आठवड्यांच्या सांध्यात मूळ कातडीच्या सुमारे एक-पंचमांशच बळ असते. तीन महिन्यांनी ते सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि पूर्ववत कधीच होत नाही. म्हणजे वरून जखम भरलेली दिसली तरी आतील काम चालूच असते, आणि त्या काळात सांध्यावर ताण पडला तर वण रुंदावतो.

हे विणकाम आयुष्यभर थोडेथोडे चालते याचा एक जुना पुरावा आहे. १७४० ते १७४४ या काळात इंग्रज दर्यासारंग अॅन्सन याच्या जहाजांवर ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्हीची साथ पसरली, तेव्हा एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेली जखम पुन्हा उघडल्याची नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. तंतू विणण्यास हे जीवनसत्त्व लागते. आपल्याकडे आवळा, पेरू व लिंबू असताना त्याची वाण पडण्याचे कारण नाही. जखमी माणसास डाळ, उसळ, दूध, अंडी हा आहार चालू ठेवावा. जखमेवर पथ्य म्हणून डाळ किंवा आंबट बंद करण्याने पू टळतो, ही समजूत निराधार आहे. तंबाखू व विडी मात्र बंद ठेवावी. त्यांनी बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेस रक्त पुरेसे मिळत नाही.

जखम झाकावी की मोकळी ठेवावी

‘वारा लागू द्या, जखम लवकर सुकेल,’ हा सल्ला वडीलधाऱ्यांकडून हमखास मिळतो. जखम सुकते हे खरे, पण सुकणे आणि भरणे या दोन गोष्टी आहेत. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकराच्या कातडीवर प्रयोग करून दाखविले की ओलावा टिकवून झाकलेल्या उथळ जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. कारण सोपे आहे. नव्या पेशी ओलसर पृष्ठावरून सरपटत पुढे जातात. वर टणक खपली धरली तर त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. वाफ्यात वापसा असेल तर रोप मुळे धरते आणि जमीन टणक झाली तर खुंटते, तसाच हा प्रकार. अर्थात वापसा म्हणजे चिखल नव्हे. सतत भिजलेली, पांढरी पडलेली जखमही चांगली नाही.

म्हणून धुतलेली जखम स्वच्छ कापडाने टिपून तिच्या कडा जुळवाव्यात. दोन्ही कडा चिमटीने जवळ आणून त्यांवर आडव्या, अरुंद चिकटपट्ट्या थोड्या थोड्या अंतरावर लावल्या म्हणजे साध्या जखमेस टाक्यांचे काम होते. पट्टी आडवी लावावी, जखमेच्या लांबीवरून उभी नव्हे. त्यावर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा, म्हणजे सामान्यतः व्हॅसलीन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर द्यावा आणि न चिकटणारी पट्टी बांधावी. जेली नव्या, झाकण बंद असलेल्या डबीतील वा नळीतील घ्यावी. घरात सर्वांनी बोटे घातलेली डबी नको. प्रतिजैविक मलम हवेच असे नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत शस्त्रक्रियेच्या लहान जखमांवर साधी जेली आणि प्रतिजैविक मलम यांची तुलना केली असता जंतुसंसर्गात लक्षणीय फरक पडला नाही. मलमामुळे काहींना पुरळ मात्र उठले. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटतात आणि काढताना नवी कातडी घेऊन येतात.

पट्टी रोज एकदा, आणि मळली वा भिजली तर लगेच बदलावी. चिकटली असेल तर उकळून निवविलेल्या पाण्याने भिजवून सोडवावी, ओढू नये. खपली धरली तर ती आपोआप पडू द्यावी. भरत्या जखमेला खाज सुटते हे चांगले लक्षण आहे, परंतु मुले झोपेत खाजवितात, त्यांची नखे कापून ठेवावीत. जखम सांध्यावर असेल तर आठवडाभर तो सांधा फार वाकवू नये. पुढे मात्र हळूहळू हालचाल सुरू करावी, अन्यथा बोट आखडून बसते.

सुगीत आठवडाभर हात बांधून बसणे कोणालाच परवडत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तेव्हा निदान जखमी हाताने पुढील कामे करू नयेत. कीटकनाशकाची फवारणी किंवा औषधाचे मिश्रण करणे पूर्ण वर्ज्य, कारण उघड्या जखमेतून विष अंगात लवकर शिरते. भातखाचरात साचलेल्या पाण्यात उतरणेही टाळावे. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीच्या लहानशा चिरेतूनही शरीरात जातात; कोकणात व गोव्यात हा रोग पावसाळ्यात व कापणीच्या सुमारास आढळतो. पाण्यात काम केल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर जखमेची व खाचरातील कामाची हकीकत डॉक्टरांना अवश्य सांगावी. धार काढण्याचे कामही काही दिवस घरातील दुसऱ्याकडे द्यावे. पिकलेल्या बोटातील जंतूंमुळे गाईम्हशींना कासदाह होऊ शकतो. आणि गाभण जनावर विताना किंवा गाभडल्यावर जखमी हाताने वार काढणे म्हणजे ब्रुसेला रोगाला आमंत्रण होय.

धनुर्वाताची लस

धनुर्वाताचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे राहतात. जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी १८८९ साली ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हा रोग लोखंडाच्या गंजाने होतो ही समजूत अपुरी आहे. चकचकीत विळ्यालाही माती लागलेली असतेच. जखम झाल्यापासून साधारण तीन ते एकवीस दिवसांत जबडा आखडतो, गिळता येत नाही, मान व पाठ ताठते. त्या वेळी जखम बहुधा भरून गेलेली असते, त्यामुळे दोहोंचा संबंध लावण्याचेही कोणाच्या ध्यानी येत नाही.

माता व नवजात बालके यांच्यातील धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. हे लसीचे मोठेच यश आहे. मात्र माती तीच आहे, जंतूही तेच आहेत. बालकांना आणि गरोदर स्त्रियांना लस मिळते. विस्तारित लसीकरण कार्यक्रम देशात १९७८ साली सुरू झाला, त्यापूर्वी जन्मलेल्या पुरुषांपैकी अनेकांना मात्र पुरेशा मात्रा कधीच मिळालेल्या नसतात. शेतावर विळा चालविणाऱ्यांत याच वयाची माणसे पुष्कळ. गावपातळीवरील कार्यकर्त्याने लक्ष द्यावयाचे ते येथे.

पूर्वी लस न घेतलेल्या प्रौढास तीन मात्रा लागतात. पहिलीनंतर चार आठवड्यांनी दुसरी आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरी. पुढे दर दहा वर्षांनी एक. जखम शेणामातीची असेल आणि शेवटच्या मात्रेस पाच वर्षे उलटून गेली असतील, तर पुन्हा एक मात्रा घ्यावी. ज्याच्या तीन मात्रा पूर्ण नाहीत, त्याला अशा जखमेत लसीखेरीज तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीचा परिणाम होण्यास वेळ लागतो. म्हणून जखमेची वाट न पाहता सुगीपूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मात्रा पूर्ण करणे शहाणपणाचे. प्रत्येक वेळी ‘इंजेक्शन घेतले’ एवढेच सांगितले जाते आणि तारीख कोणालाच आठवत नाही. ती तारीख सात-बाराच्या उताऱ्यासोबत एका कागदावर लिहून ठेवावी.

जखमेभोवतीची लाली दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर कमी न होता पसरू लागली, ठणका वाढला, पू आला, हातावर तांबडी रेघ वर चढताना दिसली, काखेत अवधाण आले किंवा ताप भरला, तर जखम चिघळली असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाने पायाच्या कोणत्याही जखमेस लहान मानू नये. दुखत नाही म्हणून ती बरी आहे, असे त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

वण बारीक राहावा म्हणून

जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, वणाची काळजी सुरू होते. नेमक्या याच वेळी सर्वांचे लक्ष उडालेले असते. पहिली गोष्ट ऊन. सावळ्या कातडीवरील नवा वण उन्हाने पटकन काळवंडतो आणि तो काळेपणा महिनोन्महिने जात नाही. शेतावर जाताना वण बाहीने, हातमोज्याने किंवा उपरण्याने झाकावा. चेहऱ्यावरील वणास उन्हापासून संरक्षण देणारे मलम मिळते, त्यावरील अंक किमान ३० असावा. पण पदर वा टोपी हा उपाय अधिक स्वस्त आणि घामाने वाहून न जाणारा आहे.

दुसरी गोष्ट ताण. हातापायाच्या वणावर कागदी चिकटपट्टी आडवी लावून ती सहा ते बारा आठवडे चालू ठेवल्यास वण रुंदावणे व उंचावणे कमी होते. पट्टी आपोआप सुटेपर्यंत ठेवून मग दुसरी लावावी. तिसरी गोष्ट चोळणे. पेट्रोलियम जेली किंवा स्वच्छ खोबरेल तेल बोटावर घेऊन वणावर सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे दाब देत चोळावे. सांध्यावरील वणासाठी हे विशेष उपयोगी. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून आतील तेल वणावर लावण्याची रीत शहरांतून खेड्यांत आली आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा वणावर काही लाभ दिसला नाही आणि सुमारे एक-तृतीयांश लोकांना त्या जागी खाजरे पुरळ आले. तो खर्च वाचवावा. वण उंच व टणक होऊ लागला तर सिलिकॉनची पट्टी वा जेल उपयोगी पडते. ती दिवसातून बारा तासांहून अधिक वेळ, निदान दोन-तीन महिने वापरावी लागते. किंमत बरीच असल्याने चेहरा किंवा सांध्यावरील वणासाठीच तिचा विचार करावा.

काही कुटुंबांत लहानशा जखमेचा वणही मूळ जखमेच्या सीमा ओलांडून गाठीसारखा वाढत जातो. छाती, खांदा व कानाची पाळी येथे असे विशेषतः घडते. यास कीलॉइड म्हणतात. ही गाठ डाग देऊन किंवा ब्लेडने कापून घालविण्याचा प्रयत्न करू नये. कापल्यास ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत येते. त्वचारोगतज्ज्ञ त्यात इंजेक्शने देऊन ती दबवितात, आणि सुरुवातीलाच गेल्यास गुण लवकर येतो.

टाके घातलेल्या जखमेचे टाके वेळेवर काढून घेणे हाही वण कमी ठेवण्याचाच भाग आहे. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी, डोक्याचे सात ते दहा दिवसांनी, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. अधिक दिवस राहिल्यास टाक्यांच्या दोऱ्यांचेच आडवे वण उमटतात. सुगीच्या घाईत ही तारीख चुकते.

शेतावरील खोपीत एका पत्र्याच्या डब्यात साबणाची वडी, बंद पुडीतील पट्ट्या, अरुंद चिकटपट्टी, जेलीची लहान नळी, कात्री आणि उकळून इस्त्री केलेल्या सुती कापडाच्या चार घड्या एवढे सामान ठेवावे. हा डबा खते व औषधे यांच्या कपाटात ठेवू नये. दातेरी विळा, जो वैभव विळा या नावाने मिळतो, तो धाटे ओढून कापतो, झटका मारावा लागत नाही व वारंवार धारही लावावी लागत नाही. गटाने खरेदी करावयाची असल्यास कापणीपूर्वी महिनाभर मागणी नोंदवावी.